वाकणं वजा करा, बाग नको

आजच्या भागात पाहुणे नाहीत, मी एकटीच बोलणार आहे. विषय आहे बागकाम. त्यातही पाठ, कंबर, गुडघे यांपैकी काहीतरी कायमचं दुखत असताना करायचं बागकाम. बऱ्याच श्रोत्यांनी विचारलं होतं, की आई-बाबांना झाडांची आवड आहे पण आता जमत नाही, काय करता येईल? म्हणून म्हटलं, एक अख्खा भागच करूया.

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, बी.टेक. केलंय, वय अठ्ठावीस. मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट नाही, कृषी पदवीधरही नाही. पण आमच्या घरात चौतीस कुंड्या आहेत, आणि त्या ज्यांच्या आहेत त्या बाईंना, म्हणजे माझ्या आईला, अडीच वर्षांपूर्वी कमरेच्या मणक्यातली चकती सरकल्याचं निदान झालं. डॉक्टरांनी सांगितलं, "वाकू नका, वजन उचलू नका." हे वाक्य तुमच्यापैकी अर्ध्या लोकांनी तरी ऐकलं असेल.

आता काय होतं ना, डॉक्टर दोन गोष्टी सांगतात आणि घरचे त्यात तिसरी घालतात. आमच्याकडे मावशी म्हणाली, "आता ती झाडं देऊन टाक बाई कुणाला तरी." काका म्हणाले, "प्लॅस्टिकची चांगली मिळतात हल्ली." सगळे प्रेमापोटीच बोलत होते. आईने ऐकलं आणि अकरा कुंड्या खरोखरच वाटून टाकल्या. त्यात तिचा मोगराही गेला. पुढचे दोन महिने ती दुपारभर टीव्हीसमोर बसून असायची, आणि पाठ काही त्यामुळे थांबली नाही. उलट जास्त आखडली.

मला तेव्हा एक गोष्ट जाणवली. डॉक्टरांनी "वाकू नका" म्हटलं होतं. "बाग सोडा" असं ते कधीच म्हणाले नव्हते. या दोन वाक्यांमध्ये बरीच जागा आहे, आणि आजचा सगळा भाग त्या जागेत काय काय बसतं याबद्दल आहे.

आधी मोजायचं, मग बदलायचं

आमच्या कामात एक साधा नियम असतो. प्रोग्रॅम हळू चालत असेल तर अंदाजाने कोड बदलायचा नाही, वेळ नेमका कुठे जातोय ते आधी मोजायचं. मी तेच केलं. आई बागेत असताना एक आठवडा मी वहीत नुसत्या रेघा ओढल्या. वाकली की एक रेघ, काही उचललं की दुसऱ्या रकान्यात रेघ, कंबरेतून वळून मागचं काही घेतलं की तिसऱ्या रकान्यात.

मला वाटलं होतं खुरपणी, माती उकरणं, कुंडी बदलणं यात त्रास असेल. ती कामं कधीतरी होतात. रेघांचा ढीग पडला होता तो पाणी घालण्यात. न्हाणीघरात बादली भरायची, उचलून बाल्कनीत आणायची, खाली ठेवायची, प्रत्येक कुंडीसाठी मग बुडवायला वाकायचं, कुंडीत ओतायला पुन्हा वाकायचं. कुंड्या जमिनीवर. चौतीस कुंड्यांना दोनदा वाकलं तर रोजचे अडुसष्ट वेळा झाले. हे रोज, आणि सकाळी उठल्या उठल्या.

तुमच्या घरी निकाल वेगळा येईल. गच्ची असेल तर जिना हा प्रश्न असेल. गुडघेदुखी असेल तर वाकणं चालेल पण उकिडवं बसून उठणं जमणार नाही. बोटांचा संधिवात असेल तर कात्रीची मूठ हाच मुद्दा. म्हणून माझी पहिली विनंती ही, की काहीही विकत घेण्याआधी एक आठवडा वही घेऊन बसा. ज्यांची पाठ दुखते त्यांना विचारा, "बागेतलं कुठलं काम झाल्यावर तुम्हाला बसावंसं वाटतं?" त्या उत्तराने निम्मं काम होतं.

बादलीचं गणित

थोडं गणित सांगते, कंटाळू नका. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी नायॉश नावाची सरकारी संस्था आहे. त्यांचं वजन उचलण्याबद्दलचं एक सूत्र आहे, १९९१ मध्ये सुधारलेलं. सगळी परिस्थिती उत्तम असेल, म्हणजे वस्तू साधारण ७५ सेंटीमीटर उंचीवर, अंगाजवळ, समोर, पकडायला सोपी, तर ते २३ किलोपासून सुरुवात करतं. मग परिस्थिती बिघडेल तसं त्या आकड्याला गुणत गुणत खाली आणतं.

घोट्यांपासून हातांपर्यंतचं आडवं अंतर २५ सेंटीमीटरऐवजी ५० झालं, की आकडा थेट निम्मा. वस्तू जमिनीवर असेल तर पुन्हा ०.७७५ ने गुणायचं. झालं किती? साधारण ८.९ किलो. त्यात कंबरेतून ४५ अंश वळून उचललं तर साडेसात किलोच्या आसपास. आणि आपली नेहमीची बादली? दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो, बादलीचं वजन वेगळं.

लक्षात घ्या, हे सूत्र धडधाकट कामगारांसाठी आहे. पाठ आधीच दुखावलेली असेल तर त्याहून कितीतरी कमी. म्हणजे कुंड्यांच्या पलीकडे ठेवलेली भरलेली बादली हात लांबवून उचलणं हे निरोगी माणसासाठीही मर्यादेबाहेरचं आहे, आणि आपण ते साठीच्या बाईकडून "हलकं काम" म्हणून करून घेत असतो.

पण हेच सूत्र उलटं वाचलं तर उपाय सांगतं. वजन कमी करा, उंची वाढवा, अंतर घटवा, वळणं टाळा. हे चार मुद्दे लक्षात ठेवा. बाकी सगळं यातूनच निघतं.

उंची: तुळशी वृंदावनाकडे बघा

उंचावरच्या वाफ्यांचे परदेशी फोटो इंटरनेटवर खूप दिसतात. लाकडी, देखणे आणि महाग. पण आपल्याकडे अंगणात उंचावर लावलेलं झाड शेकडो वर्षं आहेच की. तुळशी वृंदावन! साधारण कमरेच्या आसपासची उंची, भोवती फिरायला जागा, उभ्या उभ्या पाणी घालता येतं, मंजिऱ्या खुडता येतात. नव्वदीतल्या पणजीबाईसुद्धा तुळशीला पाणी घालायच्या ते काही उगाच नाही. आपण फक्त तीच सोय कोथिंबिरीला दिली नाही.

मग उंची किती ठेवायची? माझं माप आहे घरातला ओटा. उभं राहून पोळ्या लाटताना, भाजी चिरताना ज्या उंचीवर पाठ तक्रार करत नाही, तीच उंची. इथे एक बारकावा आहे. उंची कुंडीची मोजायची नाही, कामाची मोजायची. कोथिंबीर, मेथी, पालक, रोपं तयार करायचे ट्रे यांचं सगळं काम मातीलगत असतं, म्हणून ते ओट्याच्या उंचीवर. मिरची, टोमॅटो, वांगी यांची फळं झाडावर वर लागतात, म्हणून त्यांची कुंडी गुडघ्याच्या आसपास, एखाद्या जुन्या स्टुलावर किंवा दोन-तीन विटांवर. सगळंच ओट्यावर चढवलं तर टोमॅटो काढायला शिडी लागेल.

वेलांचंही तसंच. दोडका, कारलं, तोंडली आपण मांडवावर चढवतो. मांडव डोक्यावर आला की मान मागे टाकून हात वर करून तोडावं लागतं, आणि मानेचा त्रास असणाऱ्यांना तेच नको असतं. त्यापेक्षा भिंतीला समांतर उभी जाळी लावा आणि वेलाचा शेंडा खांद्याच्या उंचीवर खुडा. फळं गुडघा ते खांदा या पट्ट्यात लोंबतात. तोंडलीचा वेल एकदा लावला की वर्षानुवर्षं चालतो, दरवेळी नवी लावणी नाही. कढीपत्ता, गवती चहा, ओवा, पुदिना हेसुद्धा असेच कमी मागणारे आणि रोज काहीतरी देणारे.

रुंदीचा नियम सोपा आहे. एकाच बाजूने काम करता येत असेल, म्हणजे टेबल भिंतीला लागून असेल, तर साठ सेंटीमीटरपेक्षा रुंद नको. दोन्ही बाजूंनी जाता येत असेल तर एकशेवीस. पलीकडच्या रोपासाठी पुढे झुकावं लागलं, की उंच टेबल करूनही आपण वाकतोच.

खुर्चीवरून बाग

आमच्या सोसायटीत एक काका आहेत, अपघातानंतर व्हीलचेअर वापरतात. त्यांच्या टेरेसवर वाफा बनवताना जी अडचण आली ती सांगण्यासारखी आहे. खुर्ची टेबलाखाली शिरायची तर गुडघ्यांसाठी साधारण ७० सेंटीमीटर मोकळी उंची हवी. त्यावर वीस सेंटीमीटर मातीचा ट्रे ठेवला, की काठ आला नव्वदवर. बसलेल्या माणसाच्या छातीशी! हात सतत उचललेले, खांदे भरून येतात.

मग? आमच्या वेल्डिंगवाल्याने ट्रेचा तळच तिरका केला. काकांच्या बाजूला जेमतेम दहा सेंटीमीटर खोल, पलीकडे पंचवीस. पुढे गुडघे बसतात, पुढच्या उथळ भागात मेथी आणि कोथिंबीर, मागच्या खोल भागात मिरच्या. मिरचीचं झाड उंच होतं, ते मागे असल्याने हात सरळ समोर नेऊन तोडता येतं. ट्रेला मागच्या खोल टोकाला भोक, पाणी निथळून खालच्या बादलीत न पडता नळीने मोरीकडे जातं, म्हणजे मांडी भिजत नाही. व्हीलचेअर पूर्ण वळायला दीड मीटर मोकळा चौक लागतो, तेवढी जागा आधी खडूने आखून घेतली आणि उरलेल्या जागेत टेबल. हा क्रम महत्त्वाचा. आधी माणसाची जागा, मग झाडांची.

वजन: माती नको तेवढी नको

उंच टेबल केलं की लोक त्यावर ड्रम चढवतात. थांबा. पालेभाजीला पंधरा सेंटीमीटर माती भरपूर झाली, मिरची-टोमॅटोला तीस. त्याखाली भरलेली माती म्हणजे फुकटचं ओझं.

एक हिशोब करू. एक मीटर लांब, साठ सेंटीमीटर रुंद, वीस सेंटीमीटर खोल ट्रे. आकारमान १२० लिटर. ओली माती लिटरला दीड किलोच्या वरच भरते, म्हणजे ट्रे गेला १८० किलोच्या पुढे. कोकोपीट आणि कंपोस्ट जास्त, माती कमी असं मिश्रण केलं तर वजन निम्म्याच्या आसपास येतं. भारतीय मानक आय.एस. ८७५ च्या दुसऱ्या भागात वापरात असलेल्या सपाट गच्चीसाठी चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो, भार धरलेला आहे. त्यात माणसंही आली. तेव्हा एका जागी गर्दी करू नका, जड टेबलं तुळयांच्या रेषेवर, कडेने ठेवा, आणि मोठं काही करायचं असेल तर सोसायटीची परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला दोन्ही घ्या. इमारत जुनी असेल तर नक्कीच.

कमी मातीत भाजी होईल का, ही शंका येते. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर, मूळचे गणिताचे माणूस, त्यांनी प्रयोग परिवारातून पालापाचोळा आणि जैविक कचरा यांच्या जोरावर कमी जागेत किती पिकवता येतं हे लोकांना करून दाखवायला लावलं. मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. तेव्हा हा प्रश्न आपल्याकडे केव्हाच सुटलेला आहे. आपल्यासाठी त्यातला फायदा असा, की ही बाग हलकी असते. आणि वर सुक्या पानांचं आच्छादन टाकलं की तण कमी उगवतं, पाणीही कमी वेळा लागतं. म्हणजे वाकण्याची दोन कारणं एकदमच कमी.

सामान आणतानाही डोकं वापरायचं. कोकोपीटची पाच किलोची कोरडी वीट भिजवली की फुलून साठ-सत्तर लिटर होते. लोक ती न्हाणीघरात भिजवतात आणि मग ओलं ओझं बाल्कनीपर्यंत ओढतात. कोरडी वीट नेऊन टेबलावरच ठेवा, फोडा, आणि नळीने तिथेच भिजवा. खताची पन्नास किलोची गोणी स्वस्त पडते हे खरं, पण ती उचलणाऱ्याची कंबर त्या हिशोबात धरलेली नसते. पाच किलोच्या पिशव्या घ्या.

पाणी: काय काढून घ्यायचं, काय ठेवायचं

आता मूळ प्रश्नाकडे येते, तेच ते अडुसष्ट वेळा वाकणं. मी सॉफ्टवेअरवाली, त्यामुळे ऑफिसातल्या सगळ्यांनी गृहीत धरलं की मी सेन्सर लावणार. मातीतला ओलावा मोजायचा, पंप आपोआप सुरू, फोनवर सूचना. एका शनिवारचं काम आहे. मी आईसमोर कागदावर आकृती काढून दाखवली.

आई म्हणाली, "अगं, पाणी पण तूच घालणार म्हटल्यावर मी काय करू? नुसती बघत बसू?"

मंडळी, हे वाक्य मला या सगळ्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. तिला वाकायचं नव्हतं, पण पाणी घालायचं होतं. रोज प्रत्येक कुंडीपाशी थांबायचं, पान उलटून मावा पडलाय का बघायचं, नवी कळी आली की आम्हाला हाक मारायची, हे सगळं पाणी घालण्याच्या निमित्ताने व्हायचं. ते काम आपोआप करून टाकलं असतं तर पाठ वाचली असती आणि बाग गेली असती. म्हणून मदत करणाऱ्या प्रत्येकाने आधी विचारायचं, "यातला कुठला भाग तुला नको आहे?" सगळं काम ओझं नसतं. ओझं कुठलं आणि सुख कुठलं हे करणाऱ्यालाच माहीत असतं.

मग आम्ही काय केलं? बाल्कनीत वॉशिंग मशीनसाठी असलेल्या नळाला एक जोडणी, त्याला हलकी बारीक नळी, आणि तिच्या टोकाला साठ-सत्तर सेंटीमीटरची दांडी. दांडीच्या मुठीपाशीच पाणी चालू-बंद करायची चावी. सरळ उभं राहून, हात खाली सोडून, कुंडीच्या मुळाशी पाणी पडतं. बादली नाही, मग नाही. नळीसाठी भिंतीवर छातीच्या उंचीला एक आकडा ठोकला, कारण जमिनीवरची नळी म्हणजे पाय अडकून पडायचं साधन. एकूण खर्च एका चांगल्या जेवणाइतका.

नळ जवळ नसेल तर? झारी वापरा, पण पाच लिटरच्या दोन घ्या आणि अर्ध्याच भरा. दोन्ही हातांत सारखं वजन असलं की कंबर एका बाजूला वाकत नाही. फेऱ्या वाढतील, वाढू देत. आणि पाण्याचा पिंप उंचावर, तळाशी तोटी असलेला ठेवा, म्हणजे झारी तोटीखाली उभ्या उभ्या भरता येते.

आणि हो, ठिबकही लावलं आहे, टायमरसकट. पण ते बंद असतं. ज्या दिवशी पाठ जास्त दुखते, किंवा आई मामाकडे सांगलीला जाते, त्या दिवशी सुरू करायचं. रोजची काठी म्हणून ते नको होतं, अडीअडचणीला हवं होतं.

अवजारं

इथे थोडक्यात सांगते. आपलं खुरपं फार गुणी हत्यार आहे, पण ते उकिडवं बसून वापरायला बनलेलं आहे. शेतात बायका तासन्‌तास तशाच बसतात, आणि त्याची किंमत त्यांच्या गुडघ्यांना आणि कंबरेला विचारा. माझ्या मामीकडे आता सायकलच्या चाकाचं कोळपं आहे. उभं राहून ढकलायचं, दोन ओळींमधलं तण निघतं. अंगणात किंवा फार्महाउसवर जमिनीत भाजी असेल तर गावातल्या फॅब्रिकेटरकडे चौकशी करा, ते बनवून देतात. कुंड्यांसाठी जुन्या खुरप्याला लांब दांडा बसवून घेतला तरी पुरतं.

बोटांत जोर नसेल तर मूठ जाड करा. सायकलची जुनी ट्यूब कापून दांड्यावर घट्ट गुंडाळली की पकड सुटत नाही आणि बोटं कमी आवळावी लागतात. कात्री स्प्रिंगची घ्या, आपोआप उघडणारी. जड कुंड्यांखाली चाकांचं स्टँड, पण ब्रेक असलेलं. उचलायचं नाही, ढकलायचं. ओढण्यापेक्षा ढकलणं पाठीला बरं.

बसून काम करायचं तर पाट नको. पाटावरून उठताना गुडघ्यांची परीक्षा असते. खुर्चीच्या उंचीचं, हाताला धरायला काहीतरी असलेलं आसन घ्या. गुडघ्यांना चालत असेल तर एक गुडघा जाड उशीवर टेकून काम करणं कंबरेतून वाकण्यापेक्षा चांगलं, पण उठताना धरायला शेजारी भक्कम आधार पाहिजे. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची हा आधार नव्हे, ती सोबतच पडते.

वेळ

मणक्यांमधल्या चकत्या रात्रभर आडवं असताना पाणी शोषून थोड्या फुगतात. म्हणून उठल्यावर पहिला तासभर वाकणं पाठीला जास्त जाचतं. आणि आपल्याकडे झाडांना पाणी घालायचं ते नेमकं डोळे चोळत. आईने फक्त क्रम बदलला. आधी चहा, पेपर, आंघोळ, मग बाग. उन्हाळ्यातही आठच्या आत होतं.

दुसरं म्हणजे गजर. वीस मिनिटं झाली की फोन वाजतो, आई आत येते, पाणी पिते, दोन फेऱ्या मारते. वाटलं तर पुन्हा जाते. दुखायला लागल्यावर थांबायचं नाही, दुखायच्या आधी थांबायचं. झाडात गुंतलेल्या माणसाला हे सुचत नाही, म्हणून गजर.

तिसरं, वर्षातून एक रविवार. मे महिन्याच्या शेवटी, पाऊस यायच्या आधी, आम्ही भावंडं जमतो. कुंड्या बदलणं, मुळं छाटणं, जागा हलवणं, खत भरणं, जी जी जड कामं आहेत ती त्या दिवशी आमची. आई खुर्चीवर बसून हुकूम सोडते. रोज थोडी थोडी मदत द्यायचं ठरवलं तर ती मिळत नाही, आणि मागायचा संकोचही वाटतो. ठरलेला एक दिवस असला की मागावं लागत नाही.

डॉक्टरांना काय विचारायचं

शेवटचा मुद्दा. डॉक्टरांना "बागकाम करू का?" असं विचारलं तर घाईत उत्तर येतं, "नको." त्यांच्या डोळ्यांसमोर कुदळ-फावडं असतं. त्यापेक्षा वही घेऊन जा आणि विचारा, "मला एका वेळी किती किलो उचलायला चालेल? किती मिनिटं उभं राहिलेलं चालेल? पुढे झुकणं जास्त वाईट की वळणं? गुडघा टेकवला तर चालेल का?" अशा प्रश्नांना आकड्यांत उत्तर मिळतं, आणि आकडा मिळाला की त्यात बाग बसवता येते. आईला आमच्या फिजिओथेरपिस्टनी तीन किलो सांगितले. तीन किलोत काय काय येतं याची यादीच आम्ही केली. अर्धी भरलेली झारी येते. खताची पाच किलोची पिशवी येत नाही, ती टेबलावर ठेवून डब्याने घ्यायची.

आणि हे मात्र नीट ऐका. पायात मुंग्या किंवा बधिरपणा वाढत असेल, पायातली ताकद जात असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर बाग, पॉडकास्ट सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

एवढं सगळं करून आईची पाठ बरी झाली का? नाही. अजून दुखते. थंडीत जास्त दुखते. खाली सोसायटीच्या अंगणात तिने लावलेला पारिजातक आहे, त्याचा सडा वेचायला वाकावं लागतं, ते तिने सोडलं. आता वॉचमन काकांची मुलगी वाटीत फुलं आणून देते. मोगरा परत मागितला नाही, शेजारच्या काकूंकडे तो छान फुलतोय. त्यांनीच त्याची फांदी रुजवून दिली, ती आता ओट्याच्या उंचीवर आहे. तुमच्या घरी कदाचित बाग निम्मी करावी लागेल. ब्रिटनमध्ये १९७८ पासून थ्राइव्ह नावाची संस्था आजारी आणि अपंग लोकांसोबत बागकामावर काम करते, तिथेही सुरुवात माणूस काय करू शकतो इथूनच होते. निम्मी बाग ही बागच असते. फक्त ती किती आणि कुठली, हे ज्याची आहे त्याने ठरवायचं. आपण शहाणपणा करून परस्पर वाटून टाकायची नाही.

या आठवड्यात एकच गोष्ट करा. टेप घ्या, घरातल्या ओट्याची उंची मोजा, आणि मग घरातली सगळ्यात जास्त हात लागणारी कुंडी, बहुतेक कोथिंबीर किंवा पुदिना असेल, ती कशावर ठेवली तर त्या उंचीवर येईल ते शोधा. जुनं शिलाई मशीनचं टेबल, बाद झालेलं अभ्यासाचं टेबल, काहीही चालेल, फक्त डुगडुगायला नको. एकच कुंडी वर चढवा आणि आठ दिवस बघा. काय झालं ते मला कळवा, फोटो पाठवा, आणि तुमच्याकडे याहून चांगली युक्ती असेल तर ती तर नक्कीच पाठवा. पुढच्या भागात तुमच्या युक्त्या तुमच्याच शब्दांत वाचून दाखवेन.

तोवर पाठीला जपा आणि झाडांनाही. भेटूया.